वरच्या तीन मेंढ्या

कोंडिबा, काल तुझ्या वाडीवरून परत आलो आणि ओट्यावर बसलो तो बसलोच. पायातल्या वहाणा काढायचाही कंटाळा आला. हिनं जेवायचं विचारलं तर मी मान हलवली, पण होकाराला हलवली की नकाराला, ते माझं मलाच कळलं नाही. गुंजवण्यातून वर तुझ्या वाडीपर्यंतची चढण म्हणजे काही हिमालय नव्हे, पण गुडघे आता लढाईआधीचे राहिले नाहीत. तू नेहमी म्हणायचास, "सदाबाबू, तू कागदावर लई डोंगर चढतोस, येकदा पायानं बी चढून बग." चढलो बाबा. तुझ्या दहाव्याला चढलो.

तू असताना मी एकदाही आलो नाही. बोलावण्यात तू कमी केलं नव्हतंस. बाजाराला भोरला आलास की तुपाचं गाडगं दारात ठेवायचास आणि पाण्याला तोंड लावायच्या आधी विचारायचास, "मंग, कदी येतोस?" मी का येत नव्हतो ते तुला चांगलं ठाऊक होतं. तुझी आई मला एकच प्रश्न विचारणार होती आणि त्याचं तुला हवं ते उत्तर मला द्यायचं नव्हतं. लढाईवरून आल्यापासून आपलं भांडण त्या एका गोष्टीवर चाललं होतं, आणि तू ते अर्धं टाकून गेलास. हिवतापानं माणसं जातात हे मला कळतं. पण ऐन भांडणातून उठून जायची तुझी खोड काही चांगली नाही. म्हणून हे लिहितोय. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तू असतास तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. तेव्हा तसा काही फरक पडत नाही.

भांडणाची सुरुवात फोर्लीत झाली. इटलीतलं गाव ते. लढाई संपली, तोफा गप्प झाल्या आणि आपली पलटण त्या गावात बोटीची वाट बघत पडून राहिली. मी पलटणीचा कारकून, तू खेचरांवरचा शिपाई. लढाई चालू होती तोवर थकायलाही सवड नव्हती. ती थांबली आणि सगळा शीण एकदम अंगावर आला. माणसं दिवसभर आडवी पडायची आणि उठली की एकमेकांच्या अंगावर धावून जायची. शेवटी साहेबानं हुकूम काढला, की दर रविवारी एक लॉरी द्यायची, माणसांना आसपासची गावं दाखवून आणायची आणि संध्याकाळच्या हजेरीच्या आत परत हजर. कुठं जायचं ते कारकुनानं ठरवायचं. म्हणजे मी.

फोर्लीत बघण्यासारखं काही नाही, हे मला सगळ्यात आधी फोर्लीच्याच न्हाव्यानं सांगितलं. दाढी करता करता तो वस्तरा हवेत धरून चारी दिशांना हात करायचा. तिकडं जा, तिकडं जा, इथं काय आहे? मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आपलं भोर तरी काय निराळं? भोरला मुद्दाम कोण येतं? रायरेश्वराला चढणारा, वरंध्यानं कोकणात उतरणारा माणूस भोरात चहा पितो, वहाणेचा तुटलेला अंगठा शिवून घेतो आणि पुढं जातो. पण अशा गावाचा एक गुण असतो, तिथून सगळं हाताशी असतं. फोर्लीचंही तसंच होतं. पट्टीनं आखल्यासारखा एक जुना सरळ रस्ता गावातून आरपार जायचा. त्यानं पश्चिमेला गेलं की फाएन्झा, मातीच्या रंगीत थाळ्यांचं. पूर्वेला गेलं की रिमिनी आणि समुद्र. उत्तरेला शेताशेतांतून राव्हेना, जुन्या देवळांचं. दक्षिणेला टेकड्या आणि टेकड्यांवरची गावं. सकाळी निघावं, दिवेलागणीला परत यावं.

मी नकाशा पसरून बसलो की तू शेजारी येऊन उकिडवा बसायचास. नकाशातलं तुला काही कळत नव्हतं, तरी मत द्यायचास. माझा नियम असा, की लांबचं गाव आधी गाठायचं आणि जवळचं परतताना करायचं. तुझा नियम मेंढरं घेऊन दिवसाला बाहेर पडणाऱ्या माणसाचा. "गाव मागनं सांग. आदी पानी कुठं त्ये सांग. आन दुपारचं बसायचं कुठं?" मी म्हणायचो, पाणी लॉरीला लागतं, ते ड्रायव्हर बघेल. "लॉरीचं ऱ्हाऊ दे, मानसांचं सांग." आणि एका दिवसात एकच जागा, हा तुझा दुसरा हट्ट. दोन गावं म्हटली की तुझं तोंड वाकडं. "येका दिसात दोन कुरनं केली का मेंढरू उपाशी ऱ्हातं. नुसतं चालतंच." मी तरी दोन गावं ठरवायचो. मग तू पहिल्या गावातून निघताना सगळ्यांच्या शेवटी लॉरीत चढायचास, कधी वहाण हरवायची, कधी पोट दुखायचं, आणि दुसरं गाव राहून जायचं.

बेर्तिनोरोचा रविवार आठवतो? टेकडीवरचं ते गाव. चौकात एक दगडी खांब आणि खांबाला लोखंडी कड्या. न्हाव्यानं मला सांगितलं होतं, की पूर्वी एकेक कडी एकेका घराची असायची. परका माणूस ज्या कडीला घोडा बांधील, त्या घरानं त्याला जेवू घालायचं. हे मी लॉरीत सगळ्यांना मोठ्या हौसेनं ऐकवलं. खाली उतरून बघतो तर तू खांद्यावरचा टॉवेल एका कडीला बांधून खांबाखाली फतकल मारून बसलेला.

"अरे, ती जुनी रीत. आता कोण जेवायला घालतंय?"

"घोडं न्हाई म्हनून काय झालं? भूक तर आनलीया न्हवं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थोड्या वेळानं समोरच्या घरातून एक म्हातारा बाहेर आला. त्यानं टॉवेलाकडं बघितलं, तुझ्याकडं बघितलं, आणि हसता हसता त्याला ठसका लागला. त्यांच्याच घरात तेव्हा खायची मारामार होती. तरी त्यानं पाव आणला, कसलंसं आंबट चीज आणलं, आणि आपण आपल्या वाटणीची साखर त्याच्या बायकोच्या पदरात, म्हणजे तिच्या त्या पुढच्या फडक्यात घातली. तू त्याच्याशी मराठीत बोलत होतास आणि तो तुझ्याशी इटालियनमध्ये, आणि दोघांचं बकऱ्यांच्या दुधावर एकमत झालं. दुसरं गाव त्या दिवशीही राहिलं.

खरं सांगू? त्या उन्हाळ्यात मी रविवारच्या आदल्या दिवशी उठून बसायचो ते तुझ्यामुळं. लढाई संपल्यावर मला भिंतीकडं तोंड करून पडून राहावंसं वाटायचं. रडू यायचं नाही, झोपही यायची नाही. तू येऊन खाटेच्या पायाला लाथ मारायचास. "ऊठ. उद्याचं पानी कुठं त्ये सांग." मी शिव्या देत उठायचो आणि नकाशा काढायचो. एकदा नकाशा काढला की मग पुढचं आपोआप व्हायचं. याबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही. आपल्यात असलं बोलायची पद्धत नव्हती. आता बोलतो. तू मला उठवलंस, कोंडिबा. ते उपकार मी विसरलेलो नाही.

पण नकाशा उघडला की तुझा पहिला प्रश्न निराळाच असायचा. "सेनिओचं काय झालं?"

सेनिओ ही नदी. आपल्या नीरेपुढं ओढाच, पण दोन्ही काठांना उंच बांध. त्या बांधाखाली तुझा थोरला भाऊ भागू पडला. दारूगोळ्याची खेचरं पुढं पोचवताना पडला. तू मागच्या टोळीत होतास. त्याला तिथंच कुठंतरी अग्नी दिला, पलटण पुढं सरकली आणि तिच्याबरोबर तुलाही सरकावं लागलं. फोर्लीपासून ती जागा काही लांब नव्हती. सकाळी निघून दुपारी जेवायला परत येता आलं असतं. पण तो सगळा काठ सुरुंगांनी भरलेला. दर आठवड्याला मी साहेबापुढं विचारणा ठेवायचो आणि दर आठवड्याला तो म्हणायचा, अजून नाही. एकदा आपण फाएन्झा करून तसेच पुढं निघालोसुद्धा. रस्त्यात आडवा बांबू आणि कवटीची पाटी. पहाऱ्यावरच्या गोऱ्यानं नुसता हात हलवला आणि लॉरी वळली. परत फाएन्झात आल्यावर सगळे थाळ्यांच्या दुकानात शिरले. तू चाकाला टेकून खाली बसलास. मी विचारलं तर म्हणालास, "आईनं इचारलं तर काय सांगू?"

तुमच्या घरची रीत मला तेव्हा कळली. गेलेल्या माणसाचा टाक करायचा, चांदीच्या बोटभर पत्र्यावर ठोकलेलं त्याचं रूप, आणि तो देव्हाऱ्यात घरच्या देवांच्या पंगतीला बसवायचा. पण माणूस परमुलखात गेला असेल, तर त्याला अग्नी दिला ती जागा कुणीतरी डोळ्यांनी बघून येऊन सांगावी लागते. तोवर टाक नाही, आणि टाक नाही तोवर तो माणूस घराबाहेर. "दारात हुबा ऱ्हातो," तू म्हणालास. "पावसात बी. त्येला आत घ्येता येत न्हाई." मला असल्या गोष्टी पटत नाहीत. पण तेव्हा मी वाद घातला नाही.

मग राव्हेना. गावाबाहेर, छत्रीसारख्या झाडांच्या रानाजवळ, विटांचं एक जुनं चर्च होतं. शेजारी गोल मनोरा. आत शिरलो आणि डोळे निवले. समोरची अर्धगोल भिंत नुसती हिरवीगार. काचेच्या बारीक रंगीत तुकड्यांचं कुरण, त्यात फुलं, झाडं, मधोमध दोन्ही हात वर करून उभा असलेला एक साधुपुरुष, आणि त्याच्या दोन्ही अंगांना ओळीनं पांढऱ्या मेंढ्या. मी मोजल्या. सहा इकडं, सहा तिकडं. तुला सांगायला वळलो तर तू माझ्या पुढं निघून गेलेला. डोक्यावरची टोपी हातात. तुझा तसा चेहरा मी ना आधी बघितला, ना नंतर.

"बिरोबा," तू म्हणालास.

मी कानाशी लागून सांगितलं, की बाबा रे, हा तुमचा धनगरांचा बिरोबा नव्हे, त्यांचा कुणी संत आहे. तू ऐकलंच नाहीस. "मेंढरात हुबा हाय. हात वर क्येल्यात. मंग बिरोबा न्हाई तर कोन?" आणि मी दंड धरायच्या आत तू कमरेची पिशवी सोडलीस. निघताना आईनं बांधून दिलेला आणि सबंध लढाईत तू जिवापाड जपलेला भंडारा. मूठ भरून घेतलास आणि उधळलास.

उन्हाच्या तिरिपेत तो पिवळा धुरळा काही वेळ तसाच तरंगत राहिला आणि मग संगमरवरी पायऱ्यांवर बसला. चर्चचा म्हातारा राखणदार बोंबलत धावत आला. त्याला वाटलं, शिपायांनी कसलीतरी विषारी पूड टाकली. तो ओरडतोय, मी मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये हळद, हळद म्हणून समजावतोय, आणि हळदीला तिकडं काय म्हणतात ते मला अजूनही माहीत नाही. तू आपला हात जोडून उभा. पुढं लष्करी पोलीस आले, नावं लिहून घेतली गेली, आणि रविवारची लॉरी बंद झाली. रिमिनीचा समुद्र सबंध पलटणीचा हुकला. शिव्या मला बसल्या, कारण आखणी माझी.

परतीच्या वाटेवर लॉरीत आपलं जुंपलं. मी म्हणालो, दुसऱ्याच्या देवळात न विचारता असं करू नये. तू म्हणालास, "देव वळखायला बी पास लागतो व्हय?" मग एकदम म्हणालास,

"पंधरा हुती."

"काय पंधरा?"

"मेंढरं."

"बारा. मी मोजली."

"तू खालची मोजली. वर झाडांत तीन हायेत. चुकार."

वरचं मी नीट बघितलंच नव्हतं. निळा गोल आणि त्यातला क्रूस तेवढा लक्षात होता. म्हणालो, ती नक्षी असेल. "नक्षीला कान असत्यात व्हय?" हे फोर्लीची घरं दिसेपर्यंत चाललं. सगळी लॉरी वैतागली. पुन्हा जाऊन मोजायचा प्रश्नच नव्हता. आणि सुरुंग निघायच्या आत बोट आली. सेनिओचा काठ तसाच राहिला.

बोटीवर तू फारसा बोलला नाहीस. मी समजलो, समुद्र लागला असेल.

घरी आल्यावर पहिल्याच बाजाराला तू मला नीरेच्या घाटावर गाठलंस. मी हात धुवत होतो. तू पायरीवर बसलास आणि म्हणालास, "आईला सांगितलं. भागूची जागा बगून आलो म्हनून."

"कुठली जागा?"

"हिरवं कुरन हाय. देव हुबा हाय. मेंढरं हायेत."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा संताप आला. "अरे, ते चर्च! भिंतीवरचं चित्र ते. भागू तिथं कुठं होता?"

"जागा तर बगितली न्हवं आपन? भागू तितं न्हाई, येवडंच."

आजही हे आठवलं की मला हसू येतं आणि मग दिवसभर काही सुचत नाही. तू पुढं म्हणालास, की भंडारा मी भागूच्या नावानं टाकला, म्हणजे ती जागा त्याचीच झाली. मी म्हणालो, नाव तू बिरोबाचं घेतलंस, मी शेजारी होतो. "त्ये तोंडानं. मनात भागूचं घ्येतलं." आता मनातलं कोण तपासणार?

पण म्हातारी तुझी आई आहे, तुला ओळखून होती. लहानपणी लांडग्यानं मेंढरू नेलं म्हणून तू रडत घरी यायचास आणि तुझ्या मागोमाग ते मेंढरू आपलं आपण यायचं, ही तुझी कीर्ती. तिनं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "कोंड्याच्या बोलन्यात निम्मा वारा. भोरचा त्यो बाबू संगं हुता न्हवं, त्येला आन. त्यो म्हनंल तवा सोनाराकडं जायाचं." तेव्हापासून तू माझ्या मागं लागलास, आणि मी नाही म्हणत राहिलो.

माझं मत आजही तेच आहे. मेलेल्या माणसाची खोटी जागा सांगू नये. इथल्या कचेरीत नोकरी करताना खोट्या साक्षी देणारे मी पुष्कळ बघितले. ते जमिनीसाठी देतात आणि तू आईसाठी मागत होतास, हे मला कळत होतं. तरी खोटं ते खोटंच. मी म्हणालो, पलटणीच्या साहेबाला लिहितो, नेमकी जागा विचारून घेतो. तू म्हणालास, "कागदानं बगितलं म्हंजे कुनी बगितलं?" हे असंच दर बाजाराला. मग तू तुपाचं गाडगं ठेवून निघून जायचास. भांडून गेलास तरी तूप ठेवायला विसरायचा नाहीस.

शेवटचा आलास तो भर उन्हाळ्यात घोंगडी पांघरून. दात वाजत होते. हिनं काढा दिला. मी तुला म्हटलं, दवाखान्यात चल, तर म्हणालास की जनावराच्या दवाखान्यात येतो, तितं वळख हाय. कचेरीत तेव्हा सगळीच उलथापालथ चाललेली. संस्थान गेलं, पाट्या बदलल्या, कुणाची बदली कुठं होणार ते कुणालाच माहीत नव्हतं. मी कामानं पिचून गेलो होतो आणि तू पुन्हा तेच काढलंस. मी नुसते हात जोडले. तू हसलास. "बरं, नगं येऊस. आई म्हातारी झाली. ती वर ग्येली का भागूच तिला समदं सांगंल. मंग तोंड लपवायला म्याच ऱ्हाईन." मी म्हणालो, "पुढच्या बाजाराला ये, बोलू." तू आला नाहीस. लोणी घेऊन येणाऱ्या तुझ्या वाडीच्या माणसानं दारातूनच सांगितलं, "कोंडिबा ग्येला, बाबू," आणि तोही तुझं गाडगं ठेवून गेला. तू आधीच भरून ठेवलेलं.

तुझी वाडी भोरहून दिवसाच्या टप्प्यात नाही. नसरापूरपर्यंत मोटार मिळाली, पुढं विंझरकडं निघालेली बैलगाडी मिळाली. विंझरला मुक्काम केला आणि परवा पहाटे चालायला लागलो. वाटेत सवयीनं बघत होतो, पाणी कुठं, सावली कुठं. तुझी खोड मला लागली आहे. राजगड सबंध वेळ उजवीकडं दिसत होता आणि मी त्याच्याकडं बघितलंही नाही. पायाखालची वाट तेवढी बघत होतो.

दहावा उरकला. पुरुषमाणसं झाडाखाली बसली. तुझी आई घराच्या पडवीत घोंगडीवर बसली होती. तिला आता दिसत नाही हे तू मला सांगितलं नव्हतंस. की सांगितलं होतंस आणि माझंच लक्ष नव्हतं? तिनं कुणाला तरी विचारलं, "भोरचा बाबू आला का?" आणि मी पुढं झालो.

"ये लेकरा. हितं बस." तिनं घोंगडीवर हात आपटून जागा दाखवली. रडत नव्हती. आवाजात नुसता थकवा. मला तो आवाज ओळखीचा वाटला. "कोंड्या तुझं लई नाव काडायचा. आन लई शिव्या बी द्यायचा."

"हो, आई. माहीत आहे."

"आता दोन जनं दारात झालं बग," ती म्हणाली. "थोरल्याच्या आदी धाकल्याचा टाक बसत न्हाई आमच्यात. भागू बाहेर म्हनून कोंड्या बी बाहेर. म्या येकलीनं किती जनांस्नी बाहेर ठिवू?"

हे मला तू कधी बोलला नव्हतास, कोंडिबा. थोरल्याच्या आधी धाकट्याचा बसत नाही, हे. तुला तरी कुठं वाटलं असेल, की तुझा नंबर इतक्यात लागेल.

"तू हुतास न्हवं त्येच्यासंगं? जागा बगितलीस का?"

तुझी बायको दारात उभी होती. झाडाखालची माणसं इकडं बघायला लागली. मी पायांकडं बघत होतो. मला फाएन्झाची ती पाटी आठवली, चाकाला टेकून बसलेला तू आठवलास. आणि मग मला फार थकल्यासारखं झालं. नाही म्हणायलासुद्धा बळ लागतं, ते काही केल्या सापडेना.

"बघितली," मी म्हणालो.

"सांग."

मग मी सांगितलं. रविवारची आखणी सांगायचो तसंच सांगितलं. ऊन चढायच्या आत निघालो. दोन्ही बाजूंना शेतं, गहू कापायला आलेला.

"पानी हाय का तितं?" तिनं मधेच विचारलं. गाव नाही विचारलं, नदी नाही विचारली. आधी पाणी.

"आहे. कालवा आहे जवळच. बारमाही."

"सावली?"

"छत्रीसारखी झाडं आहेत. मोठं रान आहे."

"गवत?"

"हिरवंगार. उन्हाळ्यातसुद्धा वाळत नाही." हे तर खोटं नव्हतं. ते गवत वाळायचं नाही.

"आन देव?"

"मधोमध उभा आहे. दोन्ही हात वर करून."

तिचे ओठ हलत होते. मग तिनं विचारलं, "मेंढरं हायेत म्हनला हुता कोंड्या. किती हायेत?"

सगळ्या वाडीसमोर माझ्या तोंडात बारा आलं होतं. जिभेवर आलं होतं. इतकी वर्षं तेच म्हणत आलो.

"पंधरा," मी म्हणालो.

तिनं लांब श्वास सोडला. चाचपडत माझा हात शोधला आणि धरला. "त्यो बी पंधराच म्हनला हुता," ती म्हणाली. "मला वाटलं, ह्यो फुगवून सांगतुया." मग तिनं सुनेला हाक मारली आणि आतून आपला चांदीचा वाळा आणायला लावला. लग्नातला असावा, झिजून पातळ झालेला. तो माझ्या हातात ठेवून म्हणाली, "सोनाराला दे. दोन कराय सांग. भागूचा आदी."

निघताना ती म्हणाली, अंधाराच्या आत विंझरला पोच. मी म्हटलं, पोचतो. उतारावर गुडघे बोलत होते. गुंजवण्याच्या ओढ्यावर बसलो, पाणी प्यायलो आणि तिथं मात्र रडलो. फोर्लीत आलं नव्हतं तेही सगळं आलं वाटतं. बाजूनं तुझ्याच वाडीची मेंढरं चालली होती. त्यांच्यामागचा माणूस थांबून बघायला लागला, तसा मी उठलो.

आज सकाळी सोनाराकडं वाळा देऊन आलो. त्यानं विचारलं, रूप कसलं ठोकू, घोडेस्वार? मी म्हटलं, घोडा नको, दोन साधी माणसं ठोक, खांद्यावर घोंगडी. तो म्हणाला, धनगराचे ना, मग पायाशी मेंढ्या काढतो चार. मी म्हटलं, मेंढ्या अजिबात नकोत. पुन्हा मोजामोज नको.

टाक तयार झाले की मीच घेऊन येईन, वर चढून. भागू आधी आत जाईल, मग तू. पाऊस तोंडावर आला आहे, त्याच्या आत करतो. तुझ्या आईला मी जे सांगितलं ते सांगितलं, त्यावरून आता मागं हटणार नाही. पण तुला म्हणून सांगतो, कोंडिबा, खालच्या ओळीत बाराच होत्या. वरच्या तीन तू सांभाळ.